किनारा सोडून

मॉरिशसला जाणाऱ्या मराठी माणसाचा कार्यक्रम ठरलेला असतो. गंगा तलावावर दर्शन, शामारेलची सात रंगांची माती, इल ओ सेर्फला बोटीतून चक्कर आणि निघताना पोर्ट लुईच्या बाजारातून व्हॅनिलाच्या शेंगा. उरलेला वेळ किनाऱ्यावर. मला किनारा फार काळ सोसत नाही. वाळू, ऊन आणि काहीच न करणं हे तिन्ही एकत्र आले की माझं डोकं दुखायला लागतं. शिवाय मी गेले होते ती गणपतीच्या निमित्ताने. इथल्या मराठी घरांतून गणेश चतुर्थी थाटात होते, त्या दिवशी सगळ्या देशाला सुट्टी असते आणि कोकणातून आलेला झाकरी नाच अजून रंगतो. विसर्जन झालं, घर एकदम मोकळं मोकळं वाटायला लागलं, तेव्हा यजमानीणबाईंनी विचारलं, आता कुठे न्यायचं तुम्हाला? मी म्हटलं, बो बासाँचा तुरुंग बघायचाय.

"तुरुंगात कोण आहे तुमचं?" त्यांचा पुतण्या म्हणाला आणि सगळे हसले.

माझं कोणी नव्हतं. पण नताशा आप्पाना या मॉरिशियन लेखिकेची 'ल देर्निये फ्रेर' ही २००७ सालची फ्रेंच कादंबरी मी इंग्रजी अनुवादातून वाचली होती, आणि तेव्हापासून हा तुरुंग डोक्यात बसला होता. तिच्यातला राज हा गिरमिटिया घरातला नऊ वर्षांचा पोरगा. बाप तुरुंगात पहारेकरी. तारेच्या कुंपणापलीकडे त्याला डेव्हिड नावाचा सोनेरी केसांचा, प्रागहून आलेला मुलगा दिसतो. कादंबरीतली मुलं काल्पनिक आहेत, तुरुंग खरा आहे. डिसेंबर १९४० ते ऑगस्ट १९४५ या काळात ब्रिटिश सरकारने सुमारे १,५८० ज्यू निर्वासित इथे कोंडून ठेवले होते. हिटलरच्या तावडीतून सुटलेली ही माणसं हिटलरशी लढणाऱ्या सरकारच्या कैदेत, हिंदी महासागरातल्या एका ऊस पिकवणाऱ्या बेटावर, साडेचार वर्षांहून अधिक काळ राहिली.

पुतण्या बोलका, तिशीतला माणूस. गाडी त्याच्याकडे होती, पण मला मेट्रोने जायचं होतं. पोर्ट लुईच्या व्हिक्टोरिया स्टेशनातून मेट्रो निघते ती चढ चढत पठाराकडे जाते. हा मार्ग बराचसा जुन्या रेल्वेच्याच वाटेवर आहे. १८६० च्या दशकात बेटावर रेल्वे आली आणि त्याच सुमाराला मलेरियाही आला. १८६७ च्या साथीत पोर्ट लुईत माणसं हजारोंनी मेली, आणि ज्याला परवडलं तो रेल्वेने वर, थंड हवेच्या गावांत राहायला गेला. बो बासाँ, रोझ हिल, क्युरपिप ही गावं अशी वाढली. पाऊण शतकानंतर तोच मलेरिया बो बासाँच्या भिंतीआडच्या माणसांना गाठणार होता, पण ते पुढे.

बो बासाँला उतरलं की समोर एखाद्या नीटनेटक्या उपनगरात येतो तसा देखावा. औषधाचं दुकान, चर्च, शाळेचे गणवेश, कोपऱ्यावर काचेच्या पेटीत ढोल पुऱ्या घेऊन उभा असलेला माणूस. ढोल पुरी म्हणजे भिजवून शिजवलेल्या हरभरा डाळीचं पूड-सारण पातळ पोळीत. दोन पोळ्या एकावर एक, मध्ये वालाची उसळ आणि टोमॅटोचं कालवण, वर मिरचीची चटणी, कागदात गुंडाळून हातात. आपल्याकडच्या पुरणपोळीची तिखट मावसबहीण म्हणावी अशी. मी उभ्या उभ्या खाल्ली. पुतण्या म्हणाला, लहानपणी फार दंगा केला की आई म्हणायची, बो बासाँला टाकून येईन. त्याच्या लेखी या गावाचा अर्थ तेवढाच. कारण तुरुंग अजून चालू आहे. मॉरिशसमधले आजचे कैदी तिथे शिक्षा भोगतात.

म्हणजे आत जाता येत नाही. मी अर्ज-विनंत्यांच्या भानगडीत पडले नाही. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून जेवढं दिसतं तेवढं बघितलं: काळ्या बसाल्टची उंच भिंत. या बेटावर सगळं ज्वालामुखीच्या दगडाचं. साखर कारखान्यांच्या चिमण्या, देवळांचे चौथरे, शेतात वेचून रचलेले धोंड्यांचे ढीग, सगळीकडे तोच दगड. आपल्या सह्याद्रीचाच म्हणावा इतका ओळखीचा. भेटायला आलेल्या बायका डब्यांच्या पिशव्या घेऊन सावलीत थांबल्या होत्या. एक पहारेकरी आमच्याकडे बघायला लागला तसा पुतण्या म्हणाला, "मॅडम, फोटो नको."

आता ही माणसं इथे आली कशी ते सांगायला हवं, कारण ती गोष्टच मुळी विश्वास बसू नये अशी आहे.

१९४० च्या सप्टेंबरात व्हिएन्ना, प्राग, ब्रनो, डान्झिग अशा ठिकाणचे काही हजार ज्यू डॅन्यूब नदीतून प्रवासी आगबोटींनी निघाले. तेव्हा नाझींचं धोरण अजून 'हाकला' या टप्प्यावर होतं. गॅस चेंबर पुढे होते. व्हिएन्नात आइखमन या नाझी अधिकाऱ्याच्या कचेरीच्या देखरेखीखाली बेर्टोल्ड श्टोर्फर या ज्यू व्यावसायिकाने ही वाहतूक जमवली. (हजारोंना बाहेर काढणारा हा माणूस स्वतः निघाला नाही. १९४४ मध्ये तो आउश्वित्झमध्ये मारला गेला.) रुमानियात तुल्चाला समुद्रात जाणारी तीन जहाजं उभी होती: अटलांटिक, पॅसिफिक आणि मिलोस. दोघांची नावं महासागरांची, पण तिन्हींची लायकी भंगाराची. अटलांटिकवर सुमारे १,८०० माणसं चढवली. वाटेत कोळसा संपला. प्रवाशांनी जहाजाचंच लाकूड तोडून बॉयलरमध्ये घातलं. बाक गेले, फळ्या गेल्या, खोल्यांमधल्या भिंती गेल्या. शेवटी अंगावर नेसूचे कपडे तेवढे उरलेला भिकारी दारात यावा तसं ते जहाज सायप्रसला लागलं आणि तिथून ब्रिटिशांनी त्याला आपल्या ताब्यातल्या पॅलेस्टाइनमध्ये, हैफाला आणलं. तारीख २४ नोव्हेंबर.

हैफात त्यांचं स्वागत करायला कोणी उत्सुक नव्हतं. ब्रिटिश सरकारच्या १९३९ च्या श्वेतपत्रिकेने पॅलेस्टाइनमध्ये पाच वर्षांत ७५,००० ज्यूंनाच प्रवेश, अशी मर्यादा घातली होती, आणि अरबांना दुखवायचं नाही हे युद्धाच्या दिवसांत ब्रिटिशांना जास्तच निकडीचं वाटत होतं. शिवाय, या निर्वासितांत जर्मनांचे हेर असतील, असंही कारण पुढे केलं जात होतं. हाय कमिशनर हॅरॉल्ड मॅकमायकेल यांनी जाहीर करून टाकलं होतं की या लोकांना दूरच्या वसाहतीत पाठवलं जाईल आणि युद्ध संपल्यावरही पॅलेस्टाइनमध्ये येऊ दिलं जाणार नाही. आधी येऊन पोचलेल्या पॅसिफिक आणि मिलोसवरची माणसं पात्रिया नावाच्या मोठ्या जहाजावर चढवून झाली होती. अटलांटिकवरची माणसं चढवायला नुकती सुरुवात झाली होती. २५ नोव्हेंबरला सकाळी पात्रियात स्फोट झाला. हागाना या ज्यू संघटनेनेच बॉम्ब ठेवला होता. जहाज निकामी करून हकालपट्टी थांबवावी एवढाच बेत होता; हिशेब चुकला. अडीचशेहून जास्त माणसं बंदरात, किनारा दिसत असताना बुडाली.

पुढचा निर्णय मला अजून नीट गिळता येत नाही. बुडता बुडता वाचलेल्यांना सरकारने दया दाखवून पॅलेस्टाइनमध्ये राहू दिलं. अटलांटिकवरचे जे पात्रियावर चढायचे राहिले होते, त्यांच्या वाट्याला मात्र दया आली नाही. त्यांना अटलितच्या छावणीत नेलं, आणि ९ डिसेंबरला पहाटे पोलीस आले. माणसांनी अंगावर कपडे न घालता अंथरुणात पडून राहायचं ठरवलं होतं. उघड्या माणसाला कोण नेईल? पोलिसांनी मारलं आणि घोंगड्यांत घालून नेलं. योहान दे विट आणि न्यू झीलंड या दोन डच जहाजांतून त्यांची रवानगी झाली. सुएझ, तांबडा समुद्र, आफ्रिकेचा पूर्व किनारा. २६ डिसेंबर १९४० रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, ती पोर्ट लुईला लागली. ८४९ पुरुष, ६३५ बायका, ९६ मुलं. जहाजावरच टायफॉइड सुरू झाला होता.

भूगोलाची एक विचित्र थट्टा यात आहे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये बर्लिनच्या परराष्ट्र खात्यातला फ्रान्झ राडेमाखर हा अधिकारी युरोपातले सगळे ज्यू मादागास्करला पाठवायची योजना कागदावर मांडत होता. ती बारगळली, कारण समुद्र ब्रिटिशांच्या ताब्यात होता. आणि मग ब्रिटिशांनीच आपल्या ताब्यातल्या समुद्रातून मादागास्करच्या शेजारच्या बेटावर ज्यू आणून सोडले. दोन्हींना एकाच मापाने मोजायचं नाही. राडेमाखरच्या कागदाच्या मागे मरणाचा हिशेब होता, बो बासाँच्या मागे तो नव्हता. पण नको असलेल्या माणसांना दूरच्या बेटावर नेऊन ठेवायचं, ही कल्पना दोन्हीकडच्या साहेबांना सहज सुचली, एवढं खरं. रत्नागिरीच्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी तिथेच आणून ठेवलं होतं.

आत पुरुषांना तुरुंगाच्या दोन मोठ्या इमारतींतल्या कोठड्या दिल्या. बायकांना आणि मुलांना शेजारच्या आवारात पत्र्याच्या झोपड्या. नवरा एका भिंतीच्या आत, बायको दुसऱ्या. सुरुवातीला भेटच नाही. मग ठरावीक वेळ, पहाऱ्यात. मग हळूहळू नियम सैल झाले. तुरुंगात साठेक मुलं जन्मली, यावरून किती सैल झाले ते कळतं. पुढे पुढे मोजक्या लोकांना परवाने घेऊन काही तास बाहेर पडायची मुभाही मिळाली.

व्हिएन्ना-प्रागची माणसं कोंडून ठेवली तरी गप्प बसणारी नव्हती. शाळा निघाली, प्रार्थनास्थळ झालं, ग्रंथालय जमलं. सुतारकाम, चांभारकाम, खेळणी करायच्या कार्यशाळा चालू झाल्या. 'बो बासाँ बॉइज' नावाचं जाझ बँड पथक उभं राहिलं. अ‍ॅना फ्रँक-क्लाइन या चित्रकर्तीने छावणीतल्या जगण्याची लिनोकट चित्रं केली. फ्रिट्झ हेंडेल व्यंगचित्रं काढायचा. बेडा मायर रंगवायचा. दक्षिण आफ्रिकेतल्या ज्यू समाजाने कपडे, औषधं, पुस्तकं, पैसे पाठवले आणि तो धागा अजूनही तुटलेला नाही. ब्रनोचे आरोन त्स्वेर्गबाउम स्वतः या कैदेत होते. १९६० मध्ये त्यांनी याद वाशेम या इस्रायलमधल्या नरसंहार-स्मृती संस्थेच्या नियतकालिकात या हद्दपारीवर सविस्तर लिहिलं. त्यानंतर कित्येक वर्षं जगात फारसं कोणी हा विषय काढला नाही. मॉरिशसच्या जेनेव्हिएव्ह पितो यांचं पुस्तक १९९८ मध्ये आलं, तेव्हा बेटावरच्याच पुष्कळांना पहिल्यांदा कळलं.

हे सगळं वाचताना छावणी म्हणजे एक सांस्कृतिक मंडळ होतं, असं वाटायला लागतं. तसं वाटून घेऊ नये. पोरांना ताप भरायचा. पत्रं सेन्सॉर होऊन यायची आणि मग यायची बंद व्हायची. १९४१ च्या शरदात व्हिएन्नाचे ज्यू लोड्झ, रीगा, मिन्स्ककडे पाठवले जाऊ लागले. पत्र न येणं म्हणजे काय, हे बो बासाँतल्या माणसांना तेव्हा माहीत असायचं कारण नव्हतं; नंतर कळलं. म्हणजे ज्यांना अटलांटिकवर जागा मिळाली नाही ते बहुतेक मेले आणि ज्यांना मिळाली ते बहुतेक जगले. या एका वस्तुस्थितीचा आधार घेऊन काही लोक म्हणतात की ब्रिटिशांनी त्यांना वाचवलंच की. मला हा युक्तिवाद पटत नाही. आगीतून पळालेल्याला पकडून कोठडीत टाकलं आणि कोठडीला आग लागली नाही, तर श्रेय टाकणाऱ्याला कसं द्यायचं?

आणि बेटावरची माणसं? मला खरा रस त्यात होता. कादंबरीतल्या राजच्या बापासारखे लोक: पहारेकरी, धोबी, भाजी पोचवणारे, भिंतीबाहेरच्या रस्त्याने उसाच्या शेतावर जाणारे.

त्यांना ही कोण माणसं आहेत ते नीट सांगितलंच गेलं नव्हतं. मॉरिशसमध्ये तेव्हा माणसाची जागा कातडीवरून ठरे. वर फ्रेंच वंशाचे साखरसम्राट आणि इंग्रज अधिकारी, खाली आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे क्रिओल वंशज आणि हिंदी मजूर. अशा समाजात दीड हजार गोरी माणसं तुरुंगात दिसली, तर बघणाऱ्याने काय समजायचं? गोरा माणूस तुरुंगात जातो, हेच मुळी नवल.

त्यात १९४१ च्या ऑक्टोबरात आणखी एक पाहुणे आले. इराणचे रझा शाह पहलवी. ब्रिटिश आणि रशियन फौजा इराणात शिरल्यावर त्यांना गादी सोडावी लागली. जहाजातून मुंबईपर्यंत आणलं, पण बंदरात उतरू दिलं नाही. दुसऱ्या जहाजात बसवून मॉरिशसला पाठवलं. इथे मोकाला बंगला मिळाला. पुढच्या वर्षी ते दक्षिण आफ्रिकेला गेले आणि १९४४ मध्ये जोहान्सबर्गला वारले. एकाच बेटावर, दोन-चार टेकड्यांच्या अंतरावर, एकाच सरकारचे हे दोन प्रकारचे नजरकैदी. राजाला व्हरांडा, शिंप्याला कोठडी.

हिंदी मजुरांना मात्र व्हरांडाही नाही आणि नावापुरती दयाही नाही. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिथून येणारा तांदूळ थांबला. बेटावर मका आणि कसाव्यावर दिवस निघू लागले. २७ सप्टेंबर १९४३ ला उत्तरेकडच्या बेल व्ह्यू आरेल मळ्यावर संपकरी मजुरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. अंजलाय कूपन ही गरोदर बाई मेली. तिच्याबरोबर आणखी तिघं. आज उत्तरेकडच्या एका स्टेडियमला तिचं नाव आहे. त्याच वर्षी, त्याच सरकारच्या सहीने बो बासाँतही भाकरीचं माप ठरत होतं. युद्धाच्या काळात या बेटावर कोण कुठे राहणार, किती खाणार आणि कोणत्या दारातून बाहेर पडणार, हे एकाच कचेरीत ठरे. भिंतीच्या आतल्यांचं आणि बाहेरच्यांचं तेवढं एकच होतं. बाकी त्यांची दुःखं वेगळी, आणि वेगळीच राहू द्यावीत.

बो बासाँहून आम्ही खाली, पश्चिमेकडे सेंट मार्टिनच्या स्मशानभूमीत गेलो. ऊसतोडणीचे दिवस. ट्रक भरभरून चाललेले, रस्त्यावर पडलेली कांडी चाकाखाली फुटून गोड-आंबूस वास येत होता. मोठ्या ख्रिस्ती दफनभूमीच्या एका भागात ज्यूंच्या कबरी आहेत, सव्वाशेच्या आसपास. एकसारख्या ओळी, करड्या दगडाच्या बैठ्या शिळा, त्यावर डेव्हिडचा तारा, हिब्रू अक्षरं, खाली रोमन लिपीत नाव. कित्येक शिळांवर साल १९४१. टायफॉइडने पहिल्या काही आठवड्यांतच माणसं गेली, मग मलेरिया लागला. काही शिळांवर भेट देणाऱ्यांनी गोटे ठेवले होते. ज्यू कबरीवर फुलांऐवजी दगड ठेवतात. पुतण्याने एक गोटा उचलला, हातात फिरवला आणि म्हणाला, "आमच्याकडे स्मशानातला दगड हातात घेत नाहीत." मग तरी ठेवला.

तो शिळांवरची नावं मोठ्याने वाचायचा प्रयत्न करत होता. त्याला फ्रेंच येतं, पण ही जर्मन नावं त्याच्या तोंडात बसेनात. मधे त्याने विचारलं, "यांनी केलं काय होतं?" मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, "मग पाच वर्षं कशाची?" मी व्हिसा, श्वेतपत्रिका, मर्यादा असलं काहीबाही सांगायला लागले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "म्हणजे कागद नव्हते."

स्मशानालगतच्या छोट्या इमारतीत २०१४ पासून माहिती केंद्र आहे. फोटो आहेत, नकाशे आहेत, जहाजांची चित्रं आहेत. कबरींची आणि केंद्राची देखभाल करण्यात दक्षिण आफ्रिकेतल्या ज्यू संस्थांचा मोठा हात आहे. बेटावर स्वतःचा ज्यू समाज जेमतेम मूठभर. युद्धातून वाचलेल्यांची मुलं-नातवंडं इस्रायलहून, ऑस्ट्रेलियाहून येतात. बो बासाँत जन्मलेली मुलंही आता ऐंशीच्या आसपास किंवा पलीकडे आहेत. माझ्या तिथल्या वेळात मात्र एक शाळेची सहल आली होती. क्रिओलमध्ये गलका करणाऱ्या मुली. त्यांच्या बाईंनी त्यांना नकाशासमोर उभं केलं आणि बोटाने डॅन्यूब दाखवली. डॅन्यूबपासून पोर्ट लुईपर्यंत बोट न उचलता रेघ ओढताना बाईंना दोनदा चवड्यांवर उभं राहावं लागलं.

मी मात्र भलताच हिशेब करत होते. अटलांटिकवरची माणसं सुटायला धडपडत होती, त्याच व्हिएन्नातून दोन-तीन वर्षं आधी निघालेली माणसं मुंबईला पोचली होती. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आपल्या ज्यू बायकोबरोबर आला आणि टाइम्स ऑफ इंडियात कलादिग्दर्शक झाला. एमॅन्युएल श्लेसिंजर औषधांच्या धंद्यात पडले आणि चित्रं विकत घेऊ लागले. रझा, आरा, हुसेन या चित्रकारांच्या पिढीला या मंडळींनी हात दिला, हे आपल्याकडे कलेच्या इतिहासात लिहिलेलं आहे. पण युद्ध सुरू झाल्यावर हिंदुस्थानातल्या जर्मन-ऑस्ट्रियन नागरिकांना 'शत्रूदेशाचे' म्हणून अटक झाली, त्यांत ज्यूही होते, हे कमी लिहिलेलं आहे. नगर, देवळाली, पुरंदर, सातारा. पुरंदरावर फिरायला जाणाऱ्याला तिथे हिटलरपासून पळालेली कुटुंबं नजरकैदेत होती, हे कोणी सांगत नाही. आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळीवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, बहुतेक कॅथलिक. तिला ना कोठड्या होत्या ना बसाल्टची भिंत. त्या माणसांची आठवण कोल्हापूर अजून प्रेमाने काढतं. एकच साम्राज्य, एकच युद्ध. दार कुठे उघडायचं आणि कुठे कडी लावायची, हे माणसाच्या दुःखावरून ठरत नव्हतं, सोयीवरून ठरत होतं.

१९४५ च्या सुरुवातीला जाहीर झालं की या लोकांना पॅलेस्टाइनला जाता येईल. मॅकमायकेल यांचं 'कधीही नाही' पुसलं गेलं. पण जहाज यायला ऑगस्ट उजाडला. तोवर बेटावर चक्रीवादळं येऊन गेली आणि पोलिओची मोठी साथही. तरुणांपैकी दोनशेहून अधिक जण आधीच झेक, पोलिश आणि ब्रिटिश सैन्यांत भरती होऊन गेले होते. फ्रँकोनिया जहाजातून सुमारे तेराशे माणसं निघाली आणि २६ ऑगस्टला हैफाला उतरली. ज्या बंदरातून घोंगडीत गुंडाळून काढलं होतं, त्याच बंदरात.

परतताना पुतण्या बराच वेळ गप्प होता. त्याच्या गप्प बसण्याची मला सवय नव्हती. शेवटी म्हणाला की उद्या कॅटामरनवर जायचं ठरलंय, त्याऐवजी मोकाला जाऊ या का? मोकाला महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांचे कागद ठेवलेले आहेत. १८३४ पासून साडेचार लाखांहून जास्त मजूर कलकत्ता, मद्रास आणि मुंबईहून इथे आले. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढून वर आलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळाला. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज, आणि १८६० च्या दशकापासून पुढे फोटोसुद्धा. मळ्याबाहेर परवाना न घेता सापडला की 'भटक्या' म्हणून कोठडी. पुतण्याचा पणजोबा त्यातला. घरात त्याचं नाव माहीत होतं, क्रमांक नव्हता. इतक्या वर्षांत कोणाला शोधावासा वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोकाला गेलो. खिडकीमागच्या बाईंनी अर्ज पुढे सरकवला. क्रमांक किंवा जहाजाचं नाव, दोन्हींपैकी काही आहे का? पुतण्याने मान हलवली. गाव? तो म्हणाला, "रत्नागिरी."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "रत्नागिरीचे पुष्कळ आहेत," त्या म्हणाल्या. "बापाचं नाव आठवतंय का बघा. नाहीतर साल तरी. बसा तिकडे, मी रजिस्टर आणायला सांगते. दुपारपर्यंत लागेल."

आम्ही बसलो. पुतण्याने खिशातून फोन काढून कास्काव्हेलला आत्याला फोन लावला.